फूल आलं की निवडुंगाचं कमळ!

पावसाळा सुरू झाला की प्रत्येक फॅमिली ग्रुपवर एक ठरलेला फोटो येतो. रात्रीची वेळ, गॅलरीतली कुंडी आणि मधोमध तळहाताहून मोठं पांढरंशुभ्र फूल. शेजारी आजी किंवा काकू, हातात निरांजन. खाली मजकूर : 'आमच्याकडे ब्रह्मकमळ उमललं! बारा वर्षांतून एकदाच फुलणारं दुर्मीळ हिमालयीन फूल. दर्शन घ्या आणि पुढे पाठवा.' तुम्ही बदाम टाकता, हात जोडता आणि पुढे पाठवता. दोन दिवसांनी तसाच एखादा फोटो वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चौकटीत दिसतो.

या सगळ्यात फूल खरं आहे, त्याचा वास खरा आहे आणि आजीचा आनंद तर शंभर टक्के खरा आहे. मजकूर तेवढा चुकीचा आहे. हे फूल हिमालयातलं नाही. ते बारा वर्षांतून एकदा फुलत नाही. आणि ते कमळही नाही. तो निवडुंग आहे.

हो, निवडुंग. कॅक्टस. ज्याचं नाव आपण रुक्ष, कोरड्या माणसाला चिकटवतो, तोच. आपल्या गॅलरीत 'ब्रह्मकमळ' म्हणून मिरवणाऱ्या या झाडाचं शास्त्रीय नाव एपिफायलम ऑक्सिपेटॅलम. त्याचं मूळ घर दक्षिण मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या दमट जंगलांत. तिथे ते वाळवंटात नाही, तर मोठ्या झाडांच्या बेचक्यात साठलेल्या पालापाचोळ्यावर वाढतं. म्हणून त्याला काट्यांची गरज उरली नाही आणि म्हणूनच ते आपल्याला निवडुंगासारखं दिसत नाही.

आता घरी झाड असेल तर जाऊन नीट बघा. ज्याला आपण पान म्हणतो ते पान नाहीच, ते चपटं झालेलं खोड आहे. त्याच्या कडेला खाचा आहेत आणि कळी नेमकी त्या खाचेतून येते. कुठल्याही पानाच्या कडेला अशी कळी येताना पाहिलीय का तुम्ही? झाडाला नाव देणाऱ्यांनाही तो भास झाला होता. 'एपिफायलम'चा अर्थच मुळी 'पानावरचं'.

मग खरं ब्रह्मकमळ कुठलं? ते सॉशुरिया ऑबव्हॅलाटा, उत्तराखंडचं राज्यपुष्प. हिमालयात साधारण साडेतीन हजार मीटरच्या वर, जुलै ते सप्टेंबरच्या दरम्यान फुलणारं. ते सूर्यफुलाच्या कुळातलं. त्याची जांभळट फुलं फिकट पिवळ्या-हिरव्या, कागदासारख्या पातळ आवरणात लपलेली असतात. आपल्या गॅलरीतल्या फुलाशी त्याचं दिसण्यातही साम्य नाही. पुण्या-मुंबईच्या उकाड्यात ते कुंडीत तग धरेल ही अपेक्षाच चुकीची.

आणि बारा वर्षांचं म्हणाल तर शेजारून आणलेली फांदी लावा. दोनतीन वर्षांत झाड अंगानं भरलं की ते फुलू लागतं आणि मग दर पावसाळ्यात, कधी एकाच मोसमात दोनतीन वेळाही फुलतं. जुन्या, भरगच्च झाडावर एका रात्रीत पंधरावीस फुलंही दिसतात. ज्या फुलाचे फोटो दरवर्षी दहा ग्रुपवर येतात, ते बारा वर्षांतून एकदा फुलतं हे आपल्याला पटतं तरी कसं?

'नावानं काय फरक पडतो यार, फूल छान आहे ना?' असं तुमच्यातलं कुणीतरी म्हणेलच. मला वाटतं, फरक पडतो. का, ते सांगते.

काटेरी झाड घरात नको?

आपल्या कितीतरी घरांत एक नियम असतो : काटेरी झाड घरात ठेवू नये, कटकटी होतात. हॉस्टेलवरून सुट्टीत येताना हौसेनं आणलेली छोटी कॅक्टसची कुंडी घरात शिरताच गच्चीवर हद्दपार झालेली तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. आणि त्याच घरात पावसाळ्यात रात्री अकरा वाजता शेजाऱ्यांना बोलावून एका निवडुंगाला हळदकुंकू वाहिलं जातं. यात हसण्यासारखं काही नाही. फुलाला हात जोडणं ही सुंदरच गोष्ट आहे. प्रश्न एवढाच, की तो निवडुंग आहे हे कळल्यावर आपण हात जोडू का?

बहुधा नाही. म्हणूनच तर आपण त्याचं नाव बदलून टाकलं. आणि हे एकदाच झालेलं नाही. ड्रॅगन फ्रूट घ्या. तेही निवडुंगाचंच फळ. सांगली, सोलापूरच्या दुष्काळी पट्ट्यात आता त्याच्या बागा दिसतात, कारण कमी पाण्यात येणारं पीक म्हणून शेतकऱ्यांनी त्याच्यावर भरवसा टाकला. त्याचं फूलही रात्रीच उमलतं. पांढरं, मोठं, सुवासिक. गॅलरीतल्या फुलाचं सख्खं भावंड वाटावं इतकं सारखं. 2021 मध्ये गुजरात सरकारनं या फळाचं नाव ठेवलं 'कमलम'. म्हणजे इथेही कमळ!

निवडुंगाला फूल आलं की आपण त्याचं कमळ करतो. काटे दिसले की मात्र तो निवडुंग. सौंदर्य एका नावाच्या खात्यात आणि काटे दुसऱ्या नावाच्या खात्यात, असा हा आपला हिशोब आहे. दुसरीकडच्या भाषांना अशी अडचण आलेली दिसत नाही. मल्याळममध्ये याच फुलाला 'निशागंधी' म्हणतात. रात्री दरवळणारी. तिरुवनंतपुरममधल्या एका मोठ्या खुल्या रंगमंचाचं नावही निशागंधी आहे. चिनी भाषेत तर क्षणभर चमकून नाहीशा होणाऱ्या गोष्टीसाठी याच फुलावरून वाक्प्रचार आहे. फूल जसं वागतं तसं नाव. साधी गोष्ट.

आणि ते वागतं कसं, हे बघण्यात जी मजा आहे ती फॉरवर्डमध्ये नाही. कळी आधी खाली लोंबत असते. फुलायचे दिवस जवळ आले की तिचा देठ वळतो आणि ती हंसाच्या मानेसारखी वर उचलली जाते. टोक फुगलेलं दिसलं की समजा, आज रात्री जागायचं. अंधार पडल्यावर पाकळ्या सुटू लागतात. लक्ष देऊन बसलात तर त्या हळूहळू सरकताना डोळ्यांनी दिसतात. मध्यरात्रीच्या आसपास फूल पूर्ण उघडतं आणि वासानं गॅलरी भरून जाते. सकाळी चहा प्यायला उठाल तेव्हा ते मान टाकून लोंबत असतं.

हा सगळा थाट आपल्यासाठी नाही. पांढरा रंग अंधारात दिसावा म्हणून, वास लांबून कळावा म्हणून आणि लांबलचक नळी लांब सोंडेच्या पतंगांसाठी. निवडुंगाचा बराचसा कारभारच रात्रीचा असतो. बहुतेक झाडं दिवसा आपली सूक्ष्म छिद्रं उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात आणि त्या नादात पाणी गमावतात. निवडुंग ही छिद्रं रात्री उघडतो, वायू आम्लाच्या रूपात साठवतो आणि दिवसा दारं लावून त्याची साखर बनवतो. सबमिशनच्या आदल्या रात्री जागणाऱ्या आपल्या जमातीला तरी हे झाड जवळचं वाटायला हरकत नाही.

माळावरचा चुलत भाऊ

आता घरातून बाहेर पडू. उन्हाळ्यात देशावरच्या एखाद्या कोरड्या माळावर, शेताच्या बांधावर किंवा किल्ल्याच्या पायथ्याशी तुम्ही फड्या निवडुंग नक्की पाहिलाय. नागानं फडा काढावा तसे एकावर एक चपटे, काटेरी तुकडे. तो आपल्या 'ब्रह्मकमळा'च्याच कुळातला, म्हणजे नात्यानं चुलत भाऊ. ट्रेकला जाताना आपण त्याला वळसा घालतो. कपड्यात काटे अडकले तर शिव्या घालतो. पण तो फुललेला असेल तर एकदा थांबा.

पिवळी, कधी केशरीकडे झुकणारी, रेशमी पाकळ्यांची फुलं थेट त्या काटेरी फड्याच्या काठावर बसलेली असतात. मधे पुंकेसरांचा दाट झुबका. एखादी गवताची काडी घ्या आणि त्या झुबक्याला हलकेच स्पर्श करा. पुंकेसर सावकाश आत वळतात. लाजाळूबद्दल आपण शाळेत शिकलो, याच्याबद्दल कुणी सांगितलं नाही. फुलात शिरलेल्या मधमाशीच्या अंगावर त्यामुळे परागकण नीट माखले जातात. काटे चुकवून हे करायचं, एवढंच. मोठ्या काट्यांपेक्षा त्यांच्या बुडाशी असलेली बारीक कुसळं जास्त त्रास देतात. ती दिसत नाहीत आणि बोटातून निघतही नाहीत.

काही फड्यांवर कापूस चिकटल्यासारखे पांढरे ठिपके दिसतील. त्यातला एक काडीनं चिरडून बघा. गडद लाल रंग येईल. तो रक्ताचा नाही, कोचिनील जातीच्या किड्याचा आहे. आणि हा निवडुंग आपल्या माळावर कसा आला, याची गोष्ट त्याच लाल रंगात आहे.

फड्या निवडुंग मूळचा अमेरिका खंडातला. तिथे या किड्यांपासून लाल रंग काढत आणि त्या व्यापारावर स्पेनची पकड होती. ईस्ट इंडिया कंपनीला तो रंग स्वतःच्या हातात हवा होता. म्हणून अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासमध्ये निवडुंगाची लागवड झाली आणि 1795 मध्ये ब्राझीलहून किडेही आणले गेले. पण आले ते भलत्याच जातीचे. त्यांचा रंग हलका निघाला, धंदा बुडाला. निवडुंग मात्र राहिला. कुंपण म्हणून लावला गेला आणि त्याच्या वेगवेगळ्या जाती मोकळ्या रानात पसरत गेल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत दक्षिणेत शेतजमिनी आणि कुरणं त्यानं गिळली. शेवटी 1926 मध्ये श्रीलंकेहून दुसऱ्या जातीचे कोचिनील किडे आणून सोडले, तेव्हा कुठे तो आवरला. ज्या किड्यासाठी निवडुंग आणला, त्याच्याच भाऊबंदांना निवडुंग संपवायला बोलवावं लागलं!

म्हणजे माळावरचा फड्या परदेशी, आक्रमक पाहुणा आहे. त्याचं कौतुक करा म्हणजे तो लावत सुटा, असं मी म्हणत नाहीये. त्याचा तुकडा पडला तरी रुजतो, त्यामुळे ट्रेकवरून तोडून आणून सोसायटीच्या मागे फेकूही नका. पण ओळख तरी ठेवूया.

कारण ओळख नसली की भलत्याच झाडावर कोयता चालतो. आपल्या डोंगरात 'निवडुंग' म्हणून आणखी एक झाड असतं. त्रिधारी निवडुंग. उभी, कोनेदार खोडं, धारेवर जोडीजोडीनं काटे, खरचटलं तर पांढरा चीक. तो दिसतो अगदी पुस्तकातल्या कॅक्टससारखा, पण कॅक्टस नाही. तो युफोर्बिया, एरंडाच्या कुळातला आणि इथलाच. याचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, फार आग होते. म्हणजे गंमत बघा : जो कॅक्टससारखा दिसतो तो कॅक्टस नाही, जो दिसत नाही तो कॅक्टस आहे. ज्याला आपण हिमालयाचा म्हणतो तो मेक्सिकोचा आहे आणि ज्याला रानटी, उपरा समजतो तो पिढ्यान्‌पिढ्या इथे नांदतोय.

एनएसएसच्या शिबिरात 'काटेरी झुडपं साफ करून वृक्षारोपण' असा कार्यक्रम असतो ना, तेव्हा हा फरक ठाऊक असलेला एक जरी मुलगा किंवा मुलगी गटात असेल तर बरंच काही वाचेल. दोन्ही निवडुंग एकाच ढिगात जाणार नाहीत. फरक ओळखणंही सोपं आहे. कॅक्टसचे काटे गादीसारख्या एका छोट्या उंचवट्यातून झुबक्यानं येतात, युफोर्बियाला असा उंचवटा नसतो. चीक बघायला झाड कापायची गरज नाही.

टेबलावरचा कॅक्टस

तुमच्या स्टडी टेबलवरच्या त्या छोट्या कुंडीबद्दलही दोन शब्द. 'काही करावं लागत नाही' या जाहिरातीवर आपण ती घेतो. मग दोन गोष्टी होतात. एकतर प्रेमानं रोज पाणी घालून ती कुजते, नाहीतर ट्यूबलाइटखाली वर्षानुवर्षं तशीच राहते आणि फुलत नाही.

घेताना नीट बघा. खाली हिरवा खुंट आणि वर लालभडक किंवा पिवळा गोळा, हे फूल नाही. ते कलम आहे. वरच्या गोळ्यात हरितद्रव्यच नसतं, त्यामुळे तो खालच्या खुंटाच्या जिवावर जगतो. आणि तो खुंट अनेकदा ड्रॅगन फ्रूटच्या वेलाचा असतो. काही वेळा तर कॅक्टसच्या डोक्यावर रंगवलेलं सुकं फूल चक्क गोंदानं चिकटवून विकतात. महिनाभर न कोमेजणारं फूल दिसलं तर शंका घ्या. खरं फूल टिकत नाही, हीच त्याची खूण.

खरं फूल हवं असेल तर कुंडीला खिडकीत भरपूर ऊन द्या. माती भुसभुशीत, वाळू किंवा विटांचा चुरा मिसळलेली हवी. कुंडीला खाली भोक हवंच. माती पूर्ण कोरडी झाल्यावरच पाणी. थंडीत पाणी अगदी कमी करून त्याला विश्रांती द्या, कारण अनेक जाती त्या उपासानंतरच कळ्या धरतात. मॅमिलारियासारख्या छोट्या जातीला मग डोक्याभोवती मुकुटासारखं गुलाबी फुलांचं कडं येतं. गॅलरीतल्या 'ब्रह्मकमळा'चं गणित मात्र वेगळं आहे. तो जंगलातला आहे, त्याला अर्धी सावली, पालापाचोळ्याचं खत आणि पावसाची ओल मानवते. दोघांना एकच नियम लावलात तर एक कुजेल आणि दुसरा करपेल. नाव आणि गाव कळलं की काळजी कशी घ्यायची तेही कळतं, ते असं.

आता तो फरकाचा मुद्दा. हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ आज अडचणीत आहे. पूजेसाठी आणि औषधासाठी ते मोठ्या प्रमाणावर तोडलं जातं. आपल्या कॉलेजांतून दरवर्षी कितीतरी ग्रुप हिमालयात ट्रेकला जातात. 'हे तर आमच्या गॅलरीत ढिगानं येतं' असं समजून कुणी तिथे एक फूल खुडलं, तर ती चूक नुसत्या मजकुराची उरत नाही. एका नावाखाली दोन झाडं दडली की जे विपुल आहे ते दुर्मीळ वाटतं आणि जे दुर्मीळ आहे ते विपुल.

मी पत्रकारिता शिकतेय. आम्हाला पहिल्या सेमिस्टरला शिकवतात की बातमी दोन ठिकाणी तपासल्याशिवाय द्यायची नाही. पण फुलाची बातमी कुणी तपासत नाही, कारण त्यानं कुणाचं काय बिघडणार? मला वाटतं, तपासायची सवय लावायला फुलासारखी दुसरी जागा नाही. इथे राजकारण नाही, भांडण नाही. फक्त झाडासमोर उभं राहून बघायचं असतं की कळी पानातून आलीय की खोडातून. जो हे बघेल, तो उद्या मोठ्या फॉरवर्डसमोरही क्षणभर थांबेल.

आजीला मात्र 'तुझं ब्रह्मकमळ खोटं' असं सांगू नका. तिनं वर्षभर त्या कुंडीला पाणी घातलंय, कळीवर रोज नजर ठेवलीय, आणि त्या झाडाला तिच्याइतकं घरात कुणीच ओळखत नाही. तिच्यासोबत रात्री जागा आणि सांगा की या फुलाचं माहेर मेक्सिकोत आहे, तिथे ते झाडांच्या बेचक्यात राहतं आणि रात्री पतंगांची वाट बघतं. बघा, ती निरांजन आणखी जपून ओवाळेल.

हे झाड बाजारातून कमी आणि शेजारून जास्त येतं. कुणीतरी फांदी तोडून देतं, ती ओल्या मातीत खोचली की लागते. गल्लीच्या गल्ल्या अशा एकमेकांच्या फांद्यांवर फुलल्यात. त्या फांदीबरोबर 'हिमालय' आणि 'बारा वर्षं'ही हातोहात पोचलं. यंदा तुमच्याकडे कुणी फांदी मागायला आलं तर जरूर द्या. फक्त देताना त्याचं खरं नावही सोबत द्या.